‘ॲट्रोपिन चारवर चालू आहे’ : ओव्हर घ्यायला शिकवणारा एक सिम्युलेशन प्रसंग

रात्रीचे आठ. संध्याकाळच्या ड्युटीची सिस्टर ओव्हर देते, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवते : “बेड सात, फवारणीचा पेशंट, ॲट्रोपिन चारवर चालू आहे, स्टेबल आहे, बायको जवळ आहे.” रात्रीची सिस्टर वहीत लिहिते, ‘ॲट्रोपिन ४ एमजी तासाला’, आणि दोघी बेड आठकडे वळतात. सगळं मिळून १५ सेकंद. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी आळस केलेला नाही. पण ॲट्रोपिन, म्हणजे फवारणीच्या विषावरचं इंजेक्शन, सिरिंज पंपातून ठरलेल्या गतीने जातं, आणि त्या पंपावरचा चार हा मिलिलिटरचा आहे, मिलिग्रॅमचा नाही. शिवाय डॉक्टरांनी साडेसहाला डोस कमी करायला सांगितला होता आणि पंपावर तो कमी झालेलाच नाही.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सेमिस्टरसाठी किंवा जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षासाठी रचलेला हा सिम्युलेशनचा, म्हणजे वॉर्डासारख्या मांडलेल्या खोलीत करून बघायच्या सरावाचा, प्रसंग आहे. रुग्ण कल्पित आहे. आकडे मात्र बाजारात मिळणाऱ्या ॲम्प्युलचे आणि वॉर्डातल्या पंपाचे आहेत, आणि चुका वॉर्डात रोज घडू शकतील अशाच आहेत. विषबाधेचाच रुग्ण का? कापूस, सोयाबीन, तुरीवर फवारणी सुरू झाली की मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंगला गेलेल्या विद्यार्थ्याची या रुग्णाशी गाठ पडतेच. शिवाय या रुग्णाचा डोस तासातासाला बदलतो. ज्याचा डोस बदलतो, त्याच्या ओव्हरमध्ये जुना आकडा पुढे जाण्याची भीती सगळ्यात जास्त असते.

ओव्हर शिकवताना आपण आजवर देणाऱ्यालाच शिकवत आलो. सद्यस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, शिफारस हा क्रम पाठ करून घेतला, तक्ता भिंतीवर लावला. एसबार नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. कोलोरॅडोतल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने ती आरोग्यसेवेसाठी बसवली. पद्धत चांगली आहे. पण ती ऐकणाऱ्याला काय करायचं ते सांगत नाही. पुढे आय-पास ही पद्धत आली, तिच्या शेवटच्या अक्षराने ही उणीव भरून काढली : घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांतल्या निवासी डॉक्टरांना ही पद्धत प्रशिक्षणासह दिली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी हानी ३० टक्क्यांनी कमी झाली. तो अभ्यास डॉक्टरांचा होता, नर्सेसचा नव्हे, हे विसरून चालणार नाही. तरी घेणारा मुका राहिला तर कुठलाही नमुना कामाचा नाही, हे त्यातून घ्यावंच लागतं. म्हणून या प्रसंगात परीक्षा घेणाऱ्याची आहे.

बेड सातचे आकडे

पुरुष, वय ३८, वजन ५५ किलो. सकाळी सातपासून कापसावर फवारणी. औषध : प्रोफेनोफॉस ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन ४ टक्के यांचं मिश्रण. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाचं झाकण गळत होतं, सदरा पाठीला चिकटून ओला झाला होता. साडेनऊला मळमळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधुक. प्राथमिक आरोग्य केंद्रातून १०८ च्या गाडीने साडेअकराला दाखल. दाखल होताना नाडी ५४, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडात लाळ, छातीत दोन्हीकडे घरघर.

ॲट्रोपिनचं एक ॲम्प्युल १ मिलिलिटरचं, त्यात ०.६ मिलिग्रॅम. आधी ३ ॲम्प्युल, पाच मिनिटांनी ६, आणखी पाच मिनिटांनी १२. एकूण २१ ॲम्प्युल, म्हणजे १२.६ मिलिग्रॅम. त्यानंतर छाती मोकळी, काख कोरडी, नाडी आणि सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब दोन्ही ८० च्या वर, बाहुल्या टाचणीएवढ्या राहिल्या नाहीत. म्हणजे ॲट्रोपिन लागू पडलं. मग लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला चालू ठेवतात. इथे ती मर्यादा १.२६ ते २.५२ मिलिग्रॅम येते. ऑर्डर होती २.४ मिलिग्रॅम तासाला. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ५० ॲम्प्युल काही न मिसळता तशीच भरली, म्हणजे ३० मिलिग्रॅम. पंप ४ मिलिलिटर तासाला, दुपारी सव्वाबारापासून.

साडेसहाच्या राउंडला नाडी ११८, बाहुल्या मोठ्या, पोटाचे आवाज मंद. निवासी डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘ॲट्रोपिन १.८ एमजी तासाला’. म्हणजे पंपावर ३ मिलिलिटर. त्याच वेळी बेड बाराला नवीन ॲडमिशन आली आणि पंप चारवरच राहिला. आठ वाजता रुग्णाची नाडी १३६ आहे, ताप १०१.४ फॅरनहाइट, पोटाचे आवाज नाहीत, दुपारपासून लघवी नाही, आणि तो असंबद्ध बोलतो आहे. ताप, गोंधळ, गप्प पोट हे तिन्ही एकत्र दिसलं की ॲट्रोपिन जास्त झाल्याचा संशय घ्यायचा, हे विद्यार्थ्यांना वर्गात शिकवलेलं असतं. आज ते ओव्हरच्या घाईत आठवतं का, ते पाहायचं.

आता हिशेब पुढे न्यावा. चारच्या गतीने पावणेआठ तासांत ३१ मिलिलिटर गेलं, आठ वाजता सिरिंजमध्ये १९ उरलं. पंप चारवरच राहिला तर सिरिंज रात्री पाऊणला संपेल. तोवर दर तासाला ०.६ मिलिग्रॅम जास्त जात राहील. पाऊणला नाईटची सिस्टर नवी सिरिंज भरेल आणि गती ठेवताना स्वतःच्या वहीत पाहील : ४ एमजी. ते द्यायचं तर पंपावर ६.७ मिलिलिटर येतात. तिथून पुढे रुग्णाला ऑर्डरच्या दुपटीहून जास्त ॲट्रोपिन जाईल, पहाटेच्या वेळी, वॉर्डात एकच सिस्टर असताना. आठ वाजता पेरलेली चूक पाऊणला उगवते. हा हिशेब फळ्यावर विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. तो केल्याशिवाय ‘एकक सांगा’ ही सूचना त्यांना नुसती शिस्त वाटते.

ही झाली प्रसंगात मुद्दाम ठेवलेली पहिली फट, पंपाची. दुसरी फट पाठीची. दाखल होताना मावशींनी अंग पुसून घेतलं, पण रुग्ण उताणा होता, धापा टाकत होता. छाती, हात, पाय साबणाने धुतले गेले आणि केसपेपरवर ‘अंग स्वच्छ केले’ अशी नोंद पडली. औषध गळलं होतं ते पाठीवर. पाठ आणि केस धुतलेलेच नाहीत, म्हणजे कातडीवाटे विष अजून आत जातं आहे. तिसरी फट ‘स्टेबल’ या शब्दाची.

तीनच फटी पुरेत. प्रसंग रचणाऱ्याला मोह होतो की चुकीचा ब्लडग्रुप घालू, हरवलेला रिपोर्ट घालू, ॲलर्जीही घालू. मग विद्यार्थी खजिना शोधल्यासारखे चुका हुडकतात आणि ओव्हर बाजूला पडतो.

खोली कशी मांडावी

रुग्ण म्हणून साधा मॅनेकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, चालतो. डोळ्यांवर बाहुल्यांची गोल कागदी चित्रं चिकटवावीत. आठच्या प्रसंगाला ६ मिलिमीटरच्या, म्हणजे मोठ्या. सिरिंज पंप मात्र खरा हवा, कारण पंपाच्या पडद्यावरचा आकडा वाचणं हीच इथली कसोटी आहे. चालू पंप वॉर्डातून काढून आणू नये. स्टोअरमधला कंडम पंप, ज्याचा पडदा लागतो पण मोटर फिरत नाही, तो या कामाला उत्तम. तोही नसेल तर जाड पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र आणि ‘४.०’ एवढंच, एकक न लिहिता. सिरिंजमध्ये पाणी १९ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत. सिरिंजवर लेबल लावायचं, पण अर्धवट : ‘ॲट्रोपिन, १२.१५’. किती मिलिग्रॅम किती मिलिलिटरमध्ये, ते मुद्दाम लिहायचं नाही.

किडनी ट्रेमध्ये २१ रिकामी ॲम्प्युल, बाजूला २० भरलेली. पलंगाखाली गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक सदरा. विषबाधा म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायची केस), त्यामुळे कपड्यांचं काय झालं हेही ओव्हरमध्ये यायला हवं. केसपेपर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट आणि औषधांचा चार्ट हाताने, वॉर्डात लिहितात तशाच घाईच्या अक्षरात भरायचे. संगणकावर छापलेला नीटनेटका केसपेपर प्रसंगाची हवाच काढून घेतो. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन यांचे आकडे टॅबवर किंवा पाटीवर. पण विद्यार्थ्याने नाडीला हात लावल्याशिवाय किंवा थर्मामीटर मागितल्याशिवाय पाटी उलटायची नाही.

सहा विद्यार्थ्यांचा गट. एक ओव्हर देणारी, एक घेणारी, एक रुग्णाची पत्नी, एक मावशी आणि दोन निरीक्षक. फोनवरचे डॉक्टर म्हणून शिक्षक शेजारच्या खोलीत. एकूण वेळ ९० मिनिटं : सुरुवातीची तयारी १५, देणाऱ्या विद्यार्थिनीने केसपेपर वाचणं १०, पहिला फेरा १२, चर्चा ३५, दुसरा फेरा १२, शेवटी ६. चर्चेची ३५ मिनिटं कापून तिसरा फेरा घालण्याची सूचना हमखास येते. ती मानू नये. शिकणं चर्चेत होतं.

तयारीच्या १५ मिनिटांत तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. इथे मार्क नाहीत. फोन बाहेरच्या टेबलावर. प्रसंगाचा व्हिडिओ ग्रुपवर गेला तर त्या बॅचमधलं कुणी पुन्हा मोकळेपणाने चुकणार नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. वर्गातल्या कित्येक जणांच्या घरी शेती आहे, आणि फवारणीच्या किंवा विष घेतल्याच्या रुग्णाशी कुणाचं जवळचं नातंही असू शकतं. आजचा प्रसंग फवारणीतल्या अपघाताचा आहे हे आधीच सांगायचं, आणि कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर कारण न विचारता जाऊ द्यायचं. नंतर एका शिक्षकाने त्या विद्यार्थ्याजवळ जाऊन बसावं.

पहिला फेरा

देणारी केसपेपर हातात धरून पायथ्याशी उभी राहते, घेणारी वही उघडते. बहुतेक गटांत दोघीही रुग्णाकडे पाठ करून किंवा कागदाकडे बघत बोलतात. देणारी नाव, वय, निदान नीट सांगते. एसबारचा क्रमही पाळते. पंपापाशी येते आणि म्हणते, “ॲट्रोपिन चारवर.” तिने पडद्यावरचा आकडा वाचला आहे. साडेसहाची ऑर्डर पानाच्या मागच्या बाजूला आहे, ती तिने वाचलेली असली तरी ‘१.८’ आणि ‘४’ हे दोन वेगळ्या मापांतले आकडे आहेत, हे तिच्या लक्षात येत नाही.

पत्नीच्या भूमिकेला तीनच वाक्यं आहेत, आणि ती ठरलेल्या वेळी म्हणायची. तिसऱ्या मिनिटाला : “सिस्टर, हे कवाधरनं बडबडायलेत, गादीवरून काहीतरी वेचायलेत.” पाचव्या मिनिटाला : “लघवीला बी गेले न्हाईत दुपारपसून.” सातव्या मिनिटाला : “औषध समदं पाठीवर सांडलं की, झाकण नीट नव्हतं.” ही तीन वाक्यं म्हणजे या रुग्णाचा खरा ओव्हर आहे, आणि तो देणारं माणूस गणवेशात नाही. पहिल्या फेरीत घेणारीचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : “बघतो आम्ही, तुम्ही जरा बाहेर थांबा.” ॲट्रोपिनच्या अतिरेकात रुग्ण गादीवरून किंवा हवेत नसलेलं काहीतरी वेचत राहतो. बायकोने लक्षण हुबेहूब सांगितलं, फक्त बोलीत सांगितलं.

‘औषध’ हा शब्द इथे जाणूनबुजून ठेवलेला आहे. आपल्याकडे औषध मारतात ते पिकावर, औषध घेतात ते दवाखान्यात, आणि ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ गावात भलताच होतो. ‘औषध दिलंय का?’ असं विचारलं की नातेवाईक काय समजेल ते सांगता येत नाही. बोलीतला शब्द बदलायला लावू नये. सिस्टरने मात्र स्वतःच्या तोंडी ‘फवारणीचं विष’ आणि ‘इंजेक्शन’ असे वेगळे शब्द ठेवावेत. ओव्हरमध्ये ‘औषध चालू आहे’ हे वाक्य बंद.

बारा मिनिटं पूर्ण झाली की थांबवायचं. घेणारीला काहीही सापडलं नसलं तरी मध्ये सुचवायचं नाही. एकच अपवाद : तिला काही संशय आला आणि तिने डॉक्टरांना फोन केला, तर फोन पूर्ण होऊ द्यायचा.

निरीक्षकांच्या हातात २० मुद्द्यांची गुणपत्रिका देऊ नये. ‘अभिवादन केले’, ‘आवाज स्पष्ट’ अशा रकाने भरण्यात त्यांचं लक्ष जातं. पाच गोष्टी मोजायच्या :

घेणारीने किती प्रश्न विचारले.
पंपाच्या पडद्याला किती वेळा बघितलं, आणि ऑर्डरशी ताडून पाहिलं का.
किती आकडे एककाशिवाय बोलले गेले.
नातेवाइकाच्या किती वाक्यांना उत्तर मिळालं.
शेवटी घेणारीने ऐकलेलं परत सांगितलं का, हो की नाही.

पहिल्या फेरीत पहिल्या ओळीसमोर बहुतेकदा शून्य किंवा एक येतो. तो आकडा फळ्यावर लिहावा, नाव न लिहिता.

चर्चा

सुरुवात घेणारीपासून. “कसं वाटलं?” एवढंच, आणि मग शिक्षकाने गप्प बसायचं. ती “घाई झाली” म्हणेल, “सगळं लिहिता येईना” म्हणेल. दोन मिनिटांनी प्रसंग क्रमाने पुन्हा मांडून घ्यायचा, कुणी काय पाहिलं. मग खरा प्रश्न, आणि तो अशा रीतीने : “तुझी नजर पंपावर गेली, ते मला दिसलं. पण तू आकडा विचारला नाहीस. मला वाटतं तिथे एककाचा गोंधळ रात्री पाऊणपर्यंत वाढत गेला असता. त्या क्षणी तुझ्या मनात काय होतं?” जे पाहिलं ते सांगायचं, ते का महत्त्वाचं वाटलं ते सांगायचं, आणि मग खरोखर विचारायचं. ‘तू पंप का बघितला नाहीस?’ हा प्रश्न चर्चेत येऊ नये. त्याला ‘चुकलं मॅडम’ याखेरीज उत्तर नसतं.

खरं उत्तर येतं तेव्हा ते जवळपास नेहमी एकच असतं : “सिनियर सिस्टरला परत कसं विचारायचं? त्यांना वाटेल, ऐकलं नाही म्हणून.” इथे थांबायचं. या प्रसंगाची सगळी रचना याच उत्तरापर्यंत यायला केली आहे. मोठ्यांना उलटून विचारू नये ही शिकवण घरातून येते, शाळेतून येते, वसतिगृहातून येते, आणि वॉर्डात ती रुग्णाच्या मुळावर उठते. तिला नुसतं ‘धीट व्हा’ म्हणून उपयोग नाही. विद्यार्थ्यांना बोलायला वाक्यं द्यायला हवीत, जी म्हटल्याने समोरच्याचा मान राखला जातो आणि आकडाही मिळतो. गटाकडूनच ती काढून घ्यावीत. चांगली निघतात ती अशी : “ताई, मी लिहून घेते, जरा पंपापाशी या ना.” “ताई, चार एमएल की चार एमजी? माझ्या वहीत एकक राहतंय.” “मी एकदा वाचून दाखवते, चुकलं तर सांगा.” तिसरं वाक्य सर्वांत कामाचं. त्यात शंका घेतल्यासारखं वाटत नाही, आणि ओव्हर देणारीलाही स्वतःची चूक कळायची संधी मिळते.

दुसरी बाजूही चर्चेत यायला हवी. देणारी चिडली तर? ती सहा तास उभी आहे, तिला शेवटची एसटी गाठायची आहे. तिची बाजूही खरी आहे. म्हणून वाचून दाखवणं प्रत्येक बेडला नको. ज्यांच्या अंगाला पंप आहे, ज्यांचा डोस ड्युटीत बदलला आहे, किंवा ज्यांची नोंद आणि रुग्ण जुळत नाही, तेवढ्यांनाच. ३० बेडच्या वॉर्डात सगळ्यांचा सविस्तर ओव्हर कुणालाच शक्य नाही, आणि तसं शिकवलं तर वॉर्डात गेल्यावर विद्यार्थी सगळंच सोडून देतात.

आकडे बोलण्याची गोष्ट चर्चेत वेगळी काढावी, कारण ती पाठ्यपुस्तकात नाही. मराठीत पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द रोजच्या तोंडात आहेत. डोसाच्या आकड्यात ते नकोत. पावणेदोन म्हणजे १.७५, आणि १.८ ला कुणी सहज ‘पावणेदोनच्या आसपास’ म्हणून जातं. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला जवळ आहेत. ऑक्सिजनचं प्रमाण सांगताना हा फरक भारी पडतो. इंग्रजीतही ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ची तीच गत. म्हणून अंक सुटे बोलायचे : “एक पॉइंट आठ एमजी, तासाला. पंपावर तीन एमएल.” मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही, एकाच श्वासात. लिहितानाही काळजी हवी. घाईत लिहिलेला देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो आणि १ इंग्रजी नऊसारखा. चार्टवर एकाच पद्धतीचे अंक ठेवावेत. नातेवाइकाने पाण्याचा किंवा लघवीचा हिशेब वेगळ्या कागदावर लिहून ठेवला असेल तर तो चार्टवर उतरवताना त्यालाच वाचायला लावावं.

मग ‘स्टेबल’. फळ्यावर तो शब्द लिहून विचारायचं : यातून नाडी कळते का? श्वास? शुद्ध? काहीच कळत नाही. फक्त घेणारीने प्रश्न विचारायची गरज नाही असा संदेश जातो. त्याऐवजी शेवटच्या तासात काय बदललं आणि कशाने काळजी वाटते, ही दोन वाक्यं. या रुग्णापुरतं : “साडेसहापासून नाडी वाढते आहे, ११८ ची १३६ झाली. बडबड नवीन आहे.”

चर्चेच्या शेवटी डॉक्टरांना करायचा फोन गटाने मिळून तयार करावा आणि एकाने मोठ्याने म्हणावा. ४० सेकंदांत बसतो : “सर, मेडिसिन वॉर्डातून नाईटची सिस्टर बोलतेय, बेड सात, फवारणीचा पेशंट. बडबड करतोय, ताप १०१.४, नाडी १३६, पोटाचे आवाज नाहीत, दुपारपासून लघवी नाही. छाती मोकळी आहे. साडेसहाची ऑर्डर एक पॉइंट आठ एमजी होती, पण पंप आत्तापर्यंत चार एमएलवर, म्हणजे दोन पॉइंट चार एमजीवर होता. आत्ता ऑर्डरप्रमाणे तीन एमएल केलाय. ॲट्रोपिन जास्त झालंय असं वाटतंय. इन्फ्युजन थांबवू का, आणि आपण बघायला येता का? अजून एक, पाठ धुतलेली नाही, ती धुऊन घेते.” डॉक्टरांच्या भूमिकेतला शिक्षक थांबवायला सांगतो, अर्ध्या तासाने पुन्हा तपासायला सांगतो, कॅथेटर (लघवीची नळी) घालायला सांगतो, फोन ठेवण्याआधी विद्यार्थिनीने ते शब्दशः परत म्हणायचं. डोस किती आणि कधी थांबवायचा हा निर्णय डॉक्टरांचा आणि वॉर्डातल्या लेखी सूचनेचा. सिस्टरचं काम असं की निर्णय घ्यायला लागणारा एकही आकडा अर्धवट जाऊ नये.

पाठ धुण्यावर दोन मिनिटं घालवायलाच हवीत. कुशीवर वळवायला दोघं, हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, साबण आणि भरपूर पाणी. पाठ, मानेचा मागचा भाग, कानांमागे, केस, नखं, बेंबी. आणि ओव्हरच्या वहीत ‘अंग स्वच्छ केले’ ऐवजी कोणता भाग धुतला, कोणता राहिला.

दुसरा फेरा

तोच प्रसंग पुन्हा घेतला तर विद्यार्थी उत्तर पाठ म्हणतात. म्हणून दुसऱ्या फेरीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात, रुग्ण तोच, आणि भूमिका बदललेल्या : निरीक्षक आता ओव्हर देतात, घेतात. रात्री ॲट्रोपिन थांबवून नंतर १.२ मिलिग्रॅम तासाला, म्हणजे २ मिलिलिटरवर पुन्हा सुरू झालं आहे. पंप आणि ऑर्डर या वेळी जुळतात. ताप उतरला, शुद्ध आली, ऑक्सिजन ९५. सगळं छान दिसतं.

फट वेगळ्या जागी आहे. प्रोफेनोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेत पहिली लक्षणं ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. ॲट्रोपिनने ते आवरत नाही. वेळेत ओळखून श्वासाला आधार द्यावा लागतो. सुरुवातीची खूण साधी : रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. केसपेपरवर ही नोंद नाही. श्वासाची गती रात्री १८ होती, आता २८, उथळ. पत्नी म्हणते, “पानी पाजायला मान वर कराया लावली, तर उचलंनाच.” घेणाऱ्याने ते वाक्य पकडलं, रुग्णाला मान उचलायला सांगितली, श्वास पूर्ण एक मिनिट मोजला आणि डॉक्टरांना कळवलं, तर फेरा पूर्ण झाला.

या फेरीत देणाऱ्याकडूनही एक गोष्ट अपेक्षित आहे : पुढच्या ड्युटीत काय होऊ शकतं ते बोलून दाखवणं. “दर तासाला मान उचलून बघा, श्वास मोजा, मान पडली तर वाट न बघता फोन करा.” ही सवय विद्यार्थ्यांत सगळ्यात उशिरा रुजते. शिवाय साठ्याचा हिशेब : २ मिलिलिटरच्या गतीने सकाळी आठ ते दुपारी दोन म्हणजे १२ मिलिलिटर, १२ ॲम्प्युल; ट्रेमध्ये २० आहेत, पुरतील. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री फार्मसीतून माल निघायला वेळ लागतो, तेव्हा हा हिशेब ओव्हरचाच भाग आहे.

शिक्षकांकडून काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते चर्चेत शिक्षकाने भाषण दिल्याने. ३५ मिनिटांपैकी शिक्षकाचं बोलणं १० मिनिटांच्या वर गेलं की विद्यार्थी वही काढून मुद्दे उतरवायला लागतात. तो संकेत समजावा. दुसरं, फोनवरच्या डॉक्टरांची भूमिका करताना मुद्दाम ओरडणं. पहिल्यांदा फोन करणाऱ्या मुलीला त्यातून ‘फोन करू नये’ एवढंच शिकायला मिळतं. घाईतला, पण ऐकून घेणारा डॉक्टर करावा. तिसरं, ६० च्या बॅचला सभागृहात बसवून दोघांचा प्रसंग दाखवणं. बाकीचे ५८ जण नाटक बघतात. दहा गट होतात, पाच दिवस रोज दोन गट घ्यावे लागतात, वेळापत्रक विस्कटतं. तरी तेच करावं. भारतीय नर्सिंग परिषदेच्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला जागा आहे, त्यामुळे हे तास क्लिनिकल पोस्टिंगच्या आधीच्या आठवड्यात मागून घेता येतात.

पोस्टिंग सुरू झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने एका ड्युटीला एकाच रुग्णाचा ओव्हर, वॉर्डच्या सिस्टरच्या शेजारी उभं राहून, बेडपाशी घ्यायचा आणि वाचून दाखवायचा. त्याआधी इन्चार्ज सिस्टरला भेटून, विद्यार्थी प्रश्न विचारणार आहेत आणि ते आम्हीच शिकवलं आहे, हे सांगणं शिक्षकाचं काम. ते न सांगता विद्यार्थ्याला पाठवलं तर पहिल्याच प्रश्नाला त्याला ऐकून घ्यावं लागतं, आणि पाच दिवसांची मेहनत एका वाक्यात जाते.

पुढचा गट बाहेर थांबलेला असताना खोली परत लावायला सहा मिनिटं मिळतात. पंप पुन्हा ४.० वर. सिरिंजमधलं पाणी १९ च्या खुणेला. डोळ्यांवर ६ मिलिमीटरच्या बाहुल्या. साडेसहाची ऑर्डर केसपेपरच्या मागच्या पानावर आहे ना, ते पाहायचं. फळा पुसायचा. पत्नीची भूमिका करणाऱ्या नव्या मुलीला तीन वाक्यांची चिठ्ठी, आणि तिच्या गावाकडच्या बोलीत ती तिने बदलून घ्यावीत.